मागच्या काचेतला दोरा

दौलतभाऊ गेल्याचा निरोप दारव्ह्याच्या माझ्या शिलाईच्या दुकानात आला, तेव्हा मी आधी विचारलं, "कोणं सांगतलं?" निरोप आणणारा माझ्याकडे बघतच राहिला. पण ही पडताळून बघायची खोड मला भाऊंनीच लावली होती. शर्टाचं कापड आणलं की ते कात्री थांबेपर्यंत समोरच्या बाकावर बसायचे आणि उरलेली कतरण मुठीत घेऊन जायचे. "तुह्यावर भरोसा हाये, गजानन. कात्रीवर नाही," म्हणायचे. मला हसू यायचं, रागही यायचा.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. लिलावातल्या जुन्या जीपच्या सांगाड्यावर पत्रे ठोकून भाऊंनी घरीच मोटार उभी केली. मागे मोठी काच हवीच, हा हट्ट. का, तर मागून कोण येऊन राह्यलं ते दिसलं पाहिजे! काच एका मोडक्या गाडीची होती, रबर नागपूरहून आणलेलं. काचेभोवती रबर चढवायचं, त्याच्या खाचेत दोरा बसवायचा, साबणाचं पाणी लावून काच खिडकीला टेकवायची. मग एकाने बाहेरून दाबायचं आणि दुसऱ्याने आतून दोरा ओढायचा, की रबराची कड पत्र्यावर चढत जाते. आत मी बसलो. दोराही माझाच, मेण लावून वळलेला. शिंप्याचा दोरा तुटत नसतो, असं मी सकाळपासून चौघांना ऐकवलं होतं.

तीन बाजू सरळ बसल्या आणि खालच्या कोपऱ्यात दोरा तुटला... वीतभर तुकडा रबराखालीच राहिला. मी त्याचं टोक आत खुपसलं, कात्रीच्या मुठीने कड दाबून बसवली आणि हातातला दोरा खिशात घातला.

"पुरा निघाला काय?" बाहेरून भाऊंनी विचारलं.

"निघाला."

त्यांनी काचेतून माझ्या खिशाकडे पाहिलं, असं मला वाटलं. मग काचेवर बादलीभर पाणी ओतलं. नेमक्या त्याच कोपऱ्यातून थेंब आत आले. आता हा माणूस खिसा उलटा करायला लावणार, म्हणून मी खिशावर हात ठेवून बसलो. ते एवढंच म्हणाले, "रबर कच्चं हाये."

उभ्या गावावर संशय घेणाऱ्या माणसाने रबराला दोष द्यावा, हे काही मला पचेना. त्यानंतर ते कापड टाकून सरळ निघून जाऊ लागले, कतरण मागेनात. भरोसा बसला म्हणून, की उठला म्हणून? इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे चोरून बघत राहिलो. विचारलं मात्र नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

तेरवीनंतर भाऊंच्या पत्नीने, सुमनवहिनींनी, मला मोटारीजवळ बोलावलं, सीटची खोळ उसवली होती. मी मागे बसलो. खालच्या कोपऱ्यात रबरातून मेणाच्या दोऱ्याचं टोक बाहेर ओढलेलं होतं. ते पुन्हा आत जाऊ नये म्हणून त्याला गाठ मारली होती. खाली पाणी धरायला एक वाटी. माझा हात तिकडे गेला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "ते कोणाले हात लावू देत नोहते. म्हणत, ज्याचा हाये तो येईन न् काढीन."

मी हात मागे घेतला. "वहिनी, तो दोरा माझा हाये. तवा मी खोटं बोललो होतो."

वहिनींनी वाटी उचलली, पदराने पुसली आणि परत त्याच कोपऱ्याखाली ठेवली.

"मले काय सांगता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याइले सांगाचं होतं."