दवाखान्याबाहेरचं पथ्य

सुलभा बोबडे भोपाळच्या एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून लागल्या, तेव्हा तिथल्या कामगार वसाहतीत, टाउनशिपमध्ये, या हुद्द्याचा अर्थ फारसा कोणाला कळत नसे. लोकांनी त्यांचं नाव ‘खाना बंद करानेवाली मॅडम’ असं पाडलं. राजधानी हलली तेव्हा वडील नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आलेले, त्यामुळे सुलभाताई जन्माने इथल्याच. तळलेलं बंद, बेकरीचं बंद, बाहेरचं तर अजिबात नको, हे त्यांनी इतक्या जणांना बजावलं होतं की बाजारात त्या दिसल्या की कोणी ना कोणी हातातला समोसा पाठीमागे लपवायचा. त्यांना त्याचं हसू यायचं आणि थोडा अभिमानही वाटायचा.

निवृत्तीनंतर त्या टाउनशिपजवळच्या सोनागिरी वस्तीत राहू लागल्या. दोन वर्षांतच टाउनशिपच्या फाटकाबाहेर गावोगावी दुकानं असलेल्या एका मोठ्या कंपनीचं बर्गरचं दुकान उघडलं. चालवणारा अच्युत देशकर. त्याच्या आईचं मधुमेहाचं पथ्य सुलभाताईंनीच बरीच वर्षं सांभाळलं होतं. एका सकाळी तो घरी आला.

“काकू, कुटुंबाला मिळून खाता येईल असं एक पौष्टिक जेवण दुकानात ठेवायचंय. कंपनी एक स्थानिक पदार्थ करू देते. तुम्ही ठरवून द्या, बोर्डावर तुमचं नाव लावतो.”

“बर्गरच्या दुकानावर माझं नाव? अच्युत, चहा घे आणि कामाला लाग.”

अच्युतने चहा घेतला. जाताना म्हणाला, “एकदा संध्याकाळी येऊन नुसत्या बसा. काही खाऊ नका.”

त्या गेल्या, पण नकाराला आणखी कारणं सापडावीत म्हणूनच. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तळणाचा वास घेत त्या मनातल्या मनात कारणं जमवत होत्या. तेवढ्यात कल्पना आत आली. कारखान्यात तंत्रज्ञ होती ती, गळ्यात ओळखपत्र तसंच, दोन्ही हातांना दोन मुलं. दोन्ही बाळंतपणांत ती सुलभाताईंकडे आहार विचारायला यायची. त्यांना पाहून ती दारातच थबकली, मग मुलांना घेऊन त्यांच्याच टेबलाशी येऊन बसली.

“मॅडम, आज पकडी गई मी,” ती थकलेलं हसली. “आठवड्यातून तीनदा तरी येतो आम्ही. माझ्या नवऱ्याची, प्रकाशची, दुपारची पाळी, माझी जनरल, म्हणजे दिवसाची. सुटल्यावर मुलांना ट्यूशनहून घ्यायचं, अभ्यास बघायचा. मग पोळ्या लाटायचं त्राण राहत नाही. बाहेरचं खाऊ नका, हे तुमचं वाक्य पाठ आहे मला. पण बाहेर खावंच लागलं तर काय खायचं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते सुलभाताईंना लागलं. घरी परतताना त्यांच्या लक्षात आलं, दवाखान्यात समोर बसलेल्या बाईला घरी स्वयंपाक कोण करतं, कधी करतं, हे आपण क्वचितच विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अच्युतला फोन केला.

पहिला प्रयत्न पार फसला. उकडलेली मटकी, बिनमिठाची भाजी आणि काकडीचे काप, सगळं एका डब्यात. कल्पनाच्या मुलांनी डबा उघडला, वास घेतला आणि आईकडे सरकवला. अच्युत जपून म्हणाला, “काकू, तब्येतीला उत्तम आहे. फक्त आजारी असल्यासारखं वाटतं खाताना.”

त्या रागावल्या, पण स्वतः दोन घास खाल्ल्यावर त्यांनाही ते पटलं. मग दुकानातल्या आचाऱ्याला, सुभाषला, घेऊन त्या आपल्याच स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. भिजवलेले हरभरे आणि किसलेला दुधी यांची टिक्की तव्यावर थोड्या तेलात परतायची, आलं-मिरची सढळ हाताने घालायची, हे सुभाषने सुचवलं. गव्हाची पातळ रोटी, आत कांदा-कोबी, वर घट्ट दह्याची पुदिना चटणी, हे त्यांचं. सोबत जिऱ्याचं ताक आणि पेरूच्या फोडी. या वेळी मुलांनी चटणी बोटाने पुसून खाल्ली.

डबा खपायला लागला तशी कंपनीची माणसं लक्ष घालू लागली. महिन्याभराने नवे बोर्ड आले. हिरव्या अक्षरांत ‘हेल्दी फॅमिली मील’, खाली सुलभाताईंचं नाव आणि चित्रात डब्याशेजारी ताकाच्या जागी कोल्ड्रिंक. दह्याच्या चटणीऐवजी कंपनीचा तयार सॉस. सुलभाताईंनी पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली. साखर आणि मीठ दोन्ही भरपूर.

“माझं नाव काढ,” त्या म्हणाल्या.

“काकू, डबा तोच आहे. नुसता सॉस बदललाय.”

“नुसता सॉस नाही, अच्युत. कल्पनासारखी बाई या नावावर विश्वास ठेवून मुलांना भरवणार. एक तर सॉस जाईल, नाही तर मी.”

अच्युतने कपाळाला हात लावला. त्यालाही दुकान चालवायचं होतं. पण तो बोर्ड घेऊन इंदूरच्या विभागीय कार्यालयात गेला आणि दिवसभर बसून राहिला. परतला तो अर्धं जिंकून. चटणी आणि ताक कायम राहिलं, सॉस मागितला तरच मिळणार होता. ‘हेल्दी’ हा शब्द मात्र कंपनी सोडेना. तेव्हा सुलभाताईंनी अट घातली, शब्दाखाली डब्यात काय काय आहे ते सगळं, मीठ-तेलासकट, मोठ्या अक्षरांत लिहायचं. कंपनीने ते मान्य केलं.

बर्गर अजूनही जास्त विकले जातात. तळलेले बटाटे तर विचारूच नका. तरी संध्याकाळी पाच-सहा टेबलांवर तो डबा दिसतो आणि दुपारी कारखान्यातली माणसंही तो बांधून नेतात. शेजारच्या मनोरमाबाईंनी एकदा छेडलं, “काय हो, आता तुम्हीच लोकांना बाहेर खायला पाठवता?”

“पाठवत नाही,” सुलभाताई म्हणाल्या. “घरचं ते घरचंच. पण ज्या दिवशी दमलेल्या माणसाला बाहेर यावंच लागतं, त्या दिवशी त्याच्या ताटात बरं काही असावं, एवढंच बघते.”

परवा कंपनीच्या अरेरा कॉलनीतल्या दुकानानेही तो डबा सुरू करायचं ठरवलं. तिथल्या आचाऱ्याला टिक्की शिकवायला सुलभाताई सुभाषसोबत बसने गेल्या. आचारी तव्यावर तेल ओतू लागला तसा त्यांनी हळूच त्याचा हात धरला. “एवढंसं पुरे, बाळा,” त्या म्हणाल्या, “आता झाकण ठेव आणि वाफेला काम करू दे.”