क्रशरच्या गाडीचा कोरा फिल्टर

पहिला घाव पत्र्याच्या पेटीवर पडला. पाने, पकडी, सॉकेट सगळं उडून गॅरेजभर पसरलं. दुसरा उस्तादांच्या उजव्या मनगटावर. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि उस्ताद होते तिथंच खाली बसले, डाव्या हातानं उजवा धरून. नुसते श्वास घेत राहिले.

मारणारा ओळखीचा होता. बबीना रस्त्याकडच्या क्रशरवरून खडी वाहणारा पिकअपवाला. हातात टॉमी, म्हणजे जॅक फिरवायची लोखंडी दांडी. सदऱ्यावर रक्त होतं, पण ते त्याचं नव्हतं.

"मेरे इंजेक्टर बदल दिए तुम लोगों ने! अच्छे निकाल के कबाड़ डाल दिए!"

पुढचं तो शिव्यांच्या मधेमधे सांगत होता. सकाळी भरलेली गाडी क्रशरच्या चढणीवर अडली. रेस दिली तर मागून नुसता काळा धूर, ताकद काहीच नाही. गाडी मागं घसरायला लागली. त्याचा मोठा भाऊ चाकामागं दगड लावायला धावला आणि पाऊल चाकाखाली गेलं. भावाला दवाखान्यात टाकून तो सरळ आमच्याकडं आला होता, तीच गाडी घेऊन, तसाच धूर ओकत.

समोरच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. दोघांनी मोबाइल वर धरले. रस्ता ओलांडून कुणी आलं नाही.

"अभी का अभी बता, धुआँ काहे से है," त्यानं टॉमी उस्तादांच्या डाव्या हातावर टेकवली. "नहीं तो ये भी तोड़ दूँगा."

उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. "मराठे, देख ले."

'देख ले' असं ज्याला सांगावं, त्या लायकीचा मी होतो का, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. आठवी अर्धी टाकून मी महाराष्ट्रातल्या माझ्या गावातनं निघालो, एका ट्रकवर क्लीनर म्हणून. झाशीत ताप भरला तर ट्रकवाल्यानं दतिया गेटजवळ उतरवलं आणि तो निघून गेला. उस्तादांनी घरी नेलं, अकरा दिवस खिचडी घातली. बरा झाल्यावर जा म्हणाले नाहीत, म्हणून मी राहिलो. तेव्हापासून मला रोज धास्ती असायची की आज आपल्या हातून काहीतरी होईल आणि हे म्हणतील, बस झालं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता. तोच हात आता मनगटातून वाकडा झाला होता.

मी गाडी चालू केली. उस्तादांनी शिकवलेलं मनातल्या मनात म्हणत होतो, पाढे म्हणावेत तसं. पांढरा धूर असेल तर कच्चं डिझेल नाहीतर पाणी. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर दोनच गोष्टी: डिझेल जास्त, नाहीतर हवा कमी. हा काळा होता. रेस दिली की भपकन मागची भिंत काळी करणारा.

पण हे आमचं चार दिवसांपूर्वीच करून झालं होतं. हवेचा फिल्टर उघडला तर दुकानातनं आत्ताच आणल्यासारखा कोरा. मग हवा ठीक आहे असं धरून आम्ही डिझेल फवारणारे इंजेक्टर काढले, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून आणले, त्याचेच त्याला परत बसवले. धूर तेवढाच. उस्ताद त्याला म्हणाले होते, दोन दिवस थांब, मी आणखी बघतो. तो थांबला नाही, खडी भरायला गेला.

"क्या देख रहा है? भजन कर रहा है क्या?" टॉमी बॉनेटवर आदळली. माझ्या कानाशेजारी. पत्रा आत गेला.

फिल्टरच्या डब्याची एक क्लिप दोनदा सुटली. झाकण निघालं. फिल्टर कोराच.

आणि तेव्हा मला ते सुचलं, जे चार दिवसांपूर्वी सुचायला हवं होतं. ही गाडी क्रशरवर उभी असते. तिथं माणसाच्या पापण्या पांढऱ्या होतात. समोर उभ्या असलेल्या याच्या कानात, नखांत दगडाची भुकटी होती. मग याच्या गाडीचा फिल्टर कोरा कसा?

"भैया, झाकण खुला है. रेस दो."

"मुझे ऑर्डर देगा?"

"दे दे रेस," उस्ताद खालून म्हणाले. "मारना भाग नहीं जाएगा."

त्यानं सीटवर चढून, एका हातात टॉमी तशीच धरून पाय दाबला. इंजिन मोकळं गुरगुरलं. धूर पातळ झाला आणि गेला. मी झाकण बसवलं. पुन्हा काळा. काढलं. पुन्हा साफ.

म्हणजे हवा फिल्टरच्या आधीच अडत होती. फिल्टरला हवा आणणारी नळी हेडलाइटच्या मागं उघडते. तिथं डोळा पोचत नाही, हात घालावा लागतो. मी घातला. बोटांना दगड लागला. ओढला तर निघेना. दोन्ही हातांनी उपटला तेव्हा कोपर सोललं आणि नळीच्या तोंडावरनं एक ढेकूळ बाहेर आलं. गमछा होता तो. दगडाची भुकटी आणि पाणी पिऊन, वाळून, फरशीच्या तुकड्यासारखा कडक झालेला.

पिकअपवाला खाली उतरला आणि त्यानं तो ओळखला. टॉमी त्याच्या हातात खाली आली. "मैंने बाँधा था," तो म्हणाला. "धूल के मारे. मैंने ही..." आणि त्यानं आपलं कपाळ दाराच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. "भैया का पाँव मैंने..." तिसऱ्यांदा रक्त आलं.

इथं मी गप्प बसू शकत होतो.

कारण तो विसरला होता, मी नाही. महिन्याभरापूर्वी तो ब्रेक आवळायला आला होता. चहा पिताना म्हणाला, धुळीनं फिल्टर टिकत नाही. मी मोठा जाणता होऊन सांगितलं: आमच्याकडं मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या हवेच्या नळीला ओलं फडकं बांधतात, तुम्हीपण बांधा. आमच्याकडचा भुसा झटकला की उडून जातो. ओल्या फडक्यावर दगडाची भुकटी काय करते, ते मला माहीत नव्हतं. माहीत नाही, हे म्हणायचं मात्र सुचलं नाही.

तो चौथ्यांदा डोकं आपटायला मागं झाला.

"भैया, मैंने बोला था," मी म्हणालो. "गमछा बाँधने को. चाय पे. मैंने."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं टॉमी टाकली, हे त्याचे उपकार, आणि मुठींनी आला. पहिल्या ठोशात दात ओठातून आरपार गेला. मी पडलो तर पोटात लाथा. हात डोक्यावर घेतले, बाकी अडवलं नाही. ऑइल आणि रक्ताची चव एकदम तोंडात होती. लाथा किती ते कळलं नाही. उस्तादांचा आवाज ऐकू आला, अगदी शांत.

"काए, उतनोई बहुत है. बोला इसने, बाँधा तूने, और नली में हाथ डाल के देखा मैंने नहीं. तीनों का हिसाब हो गया. अब जा, भाई के पास बैठ."

तो धापा टाकत उभा राहिला. मग ते गमछ्याचं ढेकूळ उचलून त्यानं जमिनीवर आपटलं. त्याचे दोन तुकडे झाले. गाडीत बसला आणि गेला. धूर नव्हता.

मी उठून उस्तादांना धरायला गेलो. त्यांनी डाव्या हातानं मला एक थोबाडीत दिली. डावी होती तरी कान सुन्न झाला. अकरा दिवस खिचडी भरवणारा माणूस.

"ये काहे की, पता है?"

"गमछे की," मी म्हणालो.

"नहीं. चार दिन पहले मेरे बगल में खड़ा रहा, मैं इंजेक्टर खोलता रहा, और तुझे गमछा याद नहीं आया." मग म्हणाले, "रिक्शा रोक. हाथ बहुत दुख रहा है."

मी रडत रस्त्यावर गेलो. बस झालं असं ते म्हणाले नव्हते.

प्लास्टर दीड महिना होतं. उस्ताद खुर्चीवर बसून सांगायचे, मी आवळायचो. पोळीचा तुकडा मोडून दिला तर रागवायचे, न दिला तरी रागवायचे.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात तीच पिकअप दारात येऊन थांबली. मी दोन पावलं मागं सरलो. पिकअपवाला उतरला, माझ्याकडं न बघता त्यानं बॉनेट उघडलं. "सर्विस," एवढंच. शेजारच्या सीटवर त्याचा मोठा भाऊ होता, काठी गुडघ्यांत धरून. मी दुसरं काही करायच्या आधी हेडलाइटच्या मागं हात घातला. नळीचं तोंड मोकळं होतं.

"अब नईं बाँधत," भाऊ सीटवरून म्हणाला.

मला त्याच्या पायाकडं बघवेना, आणि न बघणंही जमेना. त्यानं ते ओळखलं असावं.

"दो उँगली गईं," तो म्हणाला. "अब जूता ढीला आता है."

उस्तादांनी आतून आपली खुर्ची आणून त्याच्यासाठी बाहेर ठेवली. उजव्या हातानं उचलून. मग मला म्हणाले, "मराठे, फिल्टर निकाल." मी काढला. राखाडी, भुकटीनं गच्च भरलेला होता, म्हणजे हवा पोचत होती. तो बघून मला इतकं बरं वाटलं, की झटकताना हसू आलं, आणि पिकअपवाला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला.

"हँस काहे रहा है?"

ओठावरची खूण ताणली गेली होती. "कुछ नहीं भैया," मी म्हणालो, "नया डालना पड़ेगा."