मागं सरत गाणारी बायनाबाई

सावली तालुक्याकडच्या धानपट्ट्यात बायनाबाई उंदिरवाडेचा आवाज आधी बांध्यांनी, म्हणजे धानाच्या खाचरांनी ऐकला, मंडईच्या जत्रेनं नंतर. रोवण्याच्या दिवसांत बाया एका ओळीत वाकून, चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागं मागं सरायच्या. ओळीच्या मधोमध बायनाबाई. तिनं एक ओळ टाकली की बाकीच्या ती उचलायच्या आणि त्याच ठेक्यावर सगळ्यांचे हात चालायचे. तिचा रोवणा उन्हं उतरायच्या आत उरकतो, म्हणून धानवाले शेतकरी तिला बोलवायला आदल्या दिवशीच दारात हजर.

तिचा नवरा देवाजी गावच्या खडी गमतीच्या, म्हणजे उभ्यानं रंगणाऱ्या लोकनाट्याच्या, पार्टीत ढोलकी वाजवायचा. दिवाळीनंतर मंडई भरली की गावोगावच्या पार्ट्या पहिल्या नंबरासाठी दिवसाउजेडी मैदानात उतरत. भोवती लोकांचा गराडा आणि मधे शाहीर. १९८२ साली नेमका दिवाळीतच शाहीर श्रीहरीचा घसा बसला, तो उठेचना. पार्टी उतरली नाही तर मंडईतली जागा नदीपलीकडच्या गावाला जाणार होती.

"माह्या घरी गळा आहे," देवाजी बैठकीत म्हणाला.

मुखरू हसला. पार्टीत बाईचं काम लुगडं नेसून तोच करायचा. "खरी बाई आली तं मी काय करू? मिश्या ठेवू?"

"ठेव," श्रीहरी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नाई तरी तुह्या दाढीले लुगडं शोभत नाई."

सगळे मिळून देवाजीच्या घरी गेले. बायनाबाई सूप बाजूला ठेवून उंबऱ्यात आली.

"बांधीत कोनी पाहत नाई, श्रीहरीभाऊ. तिथी सारं गाव पाहीन. मी हरली तं?"

"तं लोक म्हनतीन, बाई होती म्हनून हरली. मंग पुढं कोन्याच बाईले उभं राहू नाई देनार."

भाऊनं हे लपवलं नाही, याचं तिला बरं वाटलं. तिनं लेकीकडे, कांताकडे पाहिलं. पोरगी अंगणात बसून आईचंच गाणं गुणगुणत होती.

"देवाजीले सांगा, ढोलकी चांगली तापवाले," ती म्हणाली.

मंडईच्या दिवशी बायनाबाई नवं लुगडं नेसून, मान ताठ करून मैदानात उभी राहिली. देवाजीनं थाप दिली. तिनं तोंड उघडलं, पण आवाज पहिल्या रांगेपलीकडे जाईना. दुसऱ्या ओळीला तर गळ्यातून नुसती हवा निघाली.

नदीपलीकडच्या पार्टीतून कोणी ओरडलं, "अवो बाई, आवाज चुलीपाशी ठेवून आली का?"

हशा पिकला. देवाजीचा हात चुकला. आपण एकटी हरणार नाही, आपल्यामागं साऱ्या बाया हरतील, हे बायनाबाईला त्या क्षणी फार जड झालं. काय करावं ते सुचेना, तेव्हा तिनं लुगड्याचा घोळ वर खोचला, कमरेत वाकली, आणि चिखलात पऱ्हा खोचावा तसा हात हलवत एक पाय मागं टाकला.

"बांधी भरली पान्यानं वं,
माय नटली धानानं..."

आवाज पोटातून आला आणि थेट मैदानाच्या टोकाला गेला. पुढची ओळ, मागं पाऊल. पुढची ओळ, मागं पाऊल. पण बांधीला धुरा, म्हणजे कडेचा बांध असतो, तिथं थांबायचं हे पायाला कळतं. मैदानाला धुरा नव्हता. ती सरत सरत मुखरूवर आदळली आणि मुखरू देवाजीच्या ढोलकीवर.

लोक पोट धरून हसले. मुखरू धूळ झटकत उठला, पदर खोचला आणि बायनाबाईच्या शेजारी तसाच वाकून उभा राहिला. "सर मागं, माय!"

गर्दीच्या पाठीमागं वेगळ्या उभ्या असलेल्या बायांनी तेवढ्यात झील धरली. कोणी सांगितलं नव्हतं. बायनाबाईनं ओळ टाकली की उचलायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. गडी माना वळवून मागं पाहू लागले, मग आपोआप बाजूला झाले आणि बाया मैदानात आल्या. एवढी मोठी झील कोणत्या पार्टीकडे होती?

निकाल सांगताना पंच म्हणाले, "पयला नंबर, देवाजीच्या बायकोचा."

"माह्यं नाव बायनाबाई आहे जी," ती म्हणाली.

पंचांनी पुन्हा, नाव घेऊन, निकाल सांगितला. शाहीर बायनाबाई उंदिरवाडे.

पुढची वर्षं तिची होती. नागभीडला बोलावलं, पार सीमेवरच्या सिरोंच्यालाही. तिथल्या तेलगू बोलणाऱ्या बायांना शब्द कळले नाहीत, पण रोवणा कळला. त्या पदर खोचून ओळीत आल्या.

१९८८ च्या मंडईत नदीपलीकडच्या पार्टीनंही बाई उतरवली. कलाबाई तिचं नाव. उभ्यानंच गायची, पण तान अशी की बायनाबाईनं स्वतः मान डोलावली. पहिला नंबर कलाबाईला गेला. लोक चालीवर भांडले, ढोलकीवर भांडले, पंचांवर भांडले. बाई या शब्दावर कोणी भांडलं नाही.

घरी जाताना देवाजी खाली पाहत चालत होता.

"काऊन तोंड पाडून राह्यले, कांताचे बाप?"

"हरलो ना."

"गळ्यानं हरलो, बाई म्हनून नाई," बायनाबाई म्हणाली. तिची मान सकाळपेक्षा ताठ होती. "घरी गेल्यावर ढोलकी काढा. कलाबाईची ती दुसरी चाल मले पाह्यची आहे."