चराचरातला श्वास

तीस वर्षांत एक फोन न करणारी शैला अचानक म्हणाली, "आपण तिघी परत गायला लागू," तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. परतीचं तिकीट काढूनच नाशिकहून निघाले.

परभणी स्टेशनावर शैलासोबत मंदाही हजर. झरीच्या शाळेत प्रार्थनेला आम्ही तिघी पुढे उभ्या राहायचो. आता शैलाचं झरीतच बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि मंदा अंगणवाडीत शिकवते. मंदानं माझ्या हातातली बॅग हिसकावूनच घेतली. एवढं प्रेम मला पचेना.

"काम काय आहे ते आधी सांग," जीपमध्ये मी शैलाला विचारलं.

"गायचं हाय, दुसरं काय? उद्या पोखर्णीला, नरसिंहाच्या देवळात. दोन महिने झालं आमी सराव करायलाव."

मग माझी आठवण आताच कशी झाली? मी खिडकीबाहेर पाहत राहिले. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी कमरेएवढी वाढली होती.

शैलाच्या घरी ज्वारीचे तिखट धपाटे आणि दही होतं. तिसरा धपाटा वाढताना मंदानं विचारलं, "दम लागतो का गं अजून?" लहानपणी मला दमा होता, आता तो औषधानं आटोक्यात आहे. या मला चाचपून बघताहेत, हे मी ओळखलं. शाळा सुटल्यापासून मी चारचौघांत गायले नव्हते. देवळात माझं हसं होईल, ही खरी धास्ती होती.

दुपारी दुकानामागे, बियाण्यांच्या पोत्यांवर बसून सराव सुरू झाला. गीत शाळेतल्या आमच्या बाईंनीच रचलेलं, तेव्हा प्रार्थनेला गायचो तेच. 'चराचरात' हा शब्द आला आणि दोघींनी 'चरा'वरच श्वास घेतला.

"शब्द तुटतोय," मी म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुझा दम तितंच तुटायचा," मंदा म्हणाली. "बाई म्हणल्या हुत्या, तुमी बी तितंच थांबा, म्हंजी कुणाला कळणार न्हाई. ती खोड आता काई केल्या जाईना."

दमा असून मी सगळ्यांच्या बरोबरीनं गाते, अशी फुशारकी मी जन्मभर मारत आले होते. मला लाज वाटली आणि दोघींचा रागही आला.

"मला का नाही सांगितलं?"

"तू गाणं सोडलं असतंस," शैला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोखर्णीच्या सभामंडपात पंचवीस-तीस माणसं बसली होती. तो शब्द आला. दोघी थांबल्या. माझा श्वास पुरला. तेवढ्या वेळात देवळात फक्त माझा आवाज होता. शब्द संपला, तेव्हा त्या पुन्हा माझ्या सुरात मिसळल्या.

परतीच्या गाडीत मी तेच घोळवत बसले. ती खोड खरंच जात नाही, की मला एकटीला गाता यावं म्हणून त्या थांबल्या? दोघींचा काही भरवसा नाही. जालना गेल्यावर मी शैलाला फोन लावला आणि पुढचा सराव कधी, एवढंच विचारलं.