कमान, कवचवेल आणि बावीस माणसं

माझ्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी माझ्यामुळे बावीस माणसांना शेण लावावं लागलं. त्यात आई होती, बाबा होते, शेजारच्या हंसाबेन होत्या आणि बिचारा फोटोग्राफरही होता. सगळी माणसं चांगली होती. कुणाचा काही दोष नव्हता. दोष माझाच, कारण वेल मी निवडली होती.

झालं असं. मुलुंडला आमचा फ्लॅट तळमजल्यावर. त्यामुळे स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जो तुकडा आहे, त्याला आम्ही बाग म्हणतो. (आमच्याशिवाय कुणी म्हणत नाही.) डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस येत होता आणि मला एक कल्पना सुचली. बागेत लोखंडी कमान बसवायची, तिच्यावर फुलांची वेल चढवायची आणि त्याखाली दोघांचा फोटो काढायचा.

यामागे कारण होतं. आई-बाबांच्या लग्नाचा एकही फोटो नाही. लग्न कुडाळजवळच्या आमच्या गावी झालं. फोटोग्राफर आला, दिवसभर त्यानं सगळ्यांना हसायला लावलं, पंगतीत दोनदा जेवला आणि चार दिवसांनी निरोप पाठवला की कॅमेऱ्यात रोल घालायचा राहून गेला! आई ही गोष्ट नेहमी हसत हसत सांगते. पण कुणाच्याही घरी लग्नाचा अल्बम निघाला की ती तो सावकाश बघते, एक एक पान उलटून. ते मी लहानपणापासून पाहत आलोय.

कमान बसली. आता वेल कुठली, यावर घरात चर्चा झाली. चर्चा म्हणजे भांडण.

"जाई लाव. दुसरं काही नको. वासानं घर भरेल," मधुरा म्हणाली. मधुरा म्हणजे माझी बायको.

"बोगनवेल!" आमची ऋचा, वय वर्षं तेरा. "फोटोत एकदम झकास येते, बाबा."

"काटे असतात तिला. आजीचा पदर अडकला म्हणजे?" मी म्हटलं.

गावी फोन केला, तर बाबांनी पडवळ सुचवलं. खाली दगड बांधला की सरळ वाढतं, असंही सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसाराचा फोटो आणि वरून दगड बांधलेली पडवळं लोंबतायत! आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुमका बरां वाटात तां लावा." तिला कधीही काहीही विचारलं तरी ती हेच म्हणते. आम्ही पुढे विचारत नाही.

शेवटी मी जाहीर केलं, "वेल मी ठरवणार. सगळ्यांना सरप्राइज!"

"विनू, तुला झाडांतलं काय कळतं?" मधुरानं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आज वाटतं, द्यायला हवं होतं. 'काही नाही' एवढंच म्हणायचं होतं.

मधुरानं मला शिकेकाई आणायला काष्ठौषधींच्या दुकानात पाठवलं होतं. तिथे काउंटरवरच्या बरणीत काळ्याभोर, चकचकीत बिया दिसल्या.

"ह्याची वेल येते का हो?"

"येते की. भराभर वाढते."

"फुलं?"

"जांभळी. झुबकेच्या झुबके."

"नाव काय?"

"कवचबीज."

कवच! काय भारदस्त नाव! दोघांच्या संसारावर कवच! संस्कृत नाव ऐकलं की मी पुढचे प्रश्न विचारत नाही, आणि दुकानदारही बिया विकतो, शेंगा नाही, त्यामुळे तोही पुढे काही बोलला नाही. जूनमध्ये मी कमानीच्या दोन्ही पायांशी बिया पेरल्या आणि घरच्यांना सांगितलं, "ही कवचवेल. दुर्मीळ असते."

वेल वाढली म्हणजे काय वाढली! गणपतीपर्यंत कमान दिसेनाशी झाली. दिवाळीला जांभळ्या फुलांचे घोस लटकले. येणारेजाणारे कंपाउंडवरून डोकावायला लागले. व्हिडिओ कॉलवर मी बाबांना वेल दाखवली, पण गावी नेट असं की बाबांना जांभळा ढग दिसला आणि मला बाबांच्या घरचा पंखा.

"दाखव नीट. खयची वेल ती?"

"कवचवेल, बाबा!"

"काय वेल?" आणि नेट गेलं.

मग फुलांच्या मागून शेंगा आल्या. सोनेरी, मखमली, उन्हात चमकणाऱ्या. मी तर हरखूनच गेलो. फुलं तर फुलं, वर मखमल फुकट! "कुणी हात लावायचा नाही," असा मी हुकूम काढला, आणि अख्ख्या प्रकरणात मी काढलेला हा एकमेव शहाणा हुकूम. (कारण मात्र मी 'दृष्ट लागेल' हे दिलं होतं.)

पुढच्या आठवड्यात मधुरा मागच्या दाराशी कपडे वाळत घालून आली ती हात खाजवतच.

"डास झालेत रे खूप."

मी डासांची उदबत्ती आणली. मग ऋचाची मान लाल झाली. मी आणखी एक उदबत्ती आणली. बागेत रोज झोपायला येणारं मांजर यायचं बंद झालं. मी म्हटलं, उदबत्तीचा वास त्याला आवडत नसेल.

वाढदिवसाच्या आदल्या रात्री आई-बाबा गावाहून आले. मी मागच्या दाराला पडदा लावून ठेवला होता. सकाळी आईनं पैठणी नेसली. बाबांनी पांढरा सदरा घातला आणि तीनदा विचारलं, "मी नेमका काय करूचा हा?" तोपर्यंत वीसेक माणसं बागेत दाटीवाटीनं उभी राहिली होती. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यात कार्ड आहे हे आईला उघडून दाखवलं. मीच सांगितलं होतं त्याला तसं.

आता माझी दुसरी कल्पना. (माणसानं एका वर्षात एकच कल्पना काढावी.) आई-बाबांना डोळे झाकून कमानीखाली आणायचं, हार घातले की डोळे उघडायला लावायचे आणि त्याच क्षणी मी मागून कमान हलवायची, म्हणजे वरून फुलं बरसतील! ऋचानं आजोबांचे डोळे झाकले, मधुरानं आईचे. दोघांना समोरासमोर उभं केलं. हातात हार दिले, ते त्यांनी चाचपडत एकमेकांच्या गळ्यात घातले.

"एक, दोन, तीन... उघडा डोळे!"

बाबांनी डोळे उघडले. वर बघितलं. आयुष्यात प्रथमच मी त्यांच्या चेहऱ्यावर निखळ भीती पाहिली.

"अरे मेल्या, ही तर खाज..."

मी कमान गदागदा हलवली.

फुलं पडली, नाही असं नाही. चार-पाच पडली. बाकी सगळी मखमल पडली. सोनेरी धूळ उन्हात चमचमत खाली आली, आईच्या पैठणीवर, बाबांच्या टकलावर, हंसाबेनच्या ब्लाउजच्या पाठीवर. दोन सेकंद सगळे "वा! वा!" म्हणाले. टाळ्याही वाजल्या.

"...कुयली!" बाबांचा शब्द पूर्ण झाला.

खाजकुइली! मी सोडला तर कोकणातलं शेंबडं पोरही जिच्या शेंगांवरच्या कुसळांपासून दहा हात लांब राहतं ती! कवचबीज तिचंच नाव, हे मला त्या क्षणी, मानेपासून कमरेपर्यंत, कळलं.

मग जे झालं ते सांगवत नाही. बावीस माणसं एकाच वेळी नाचायला लागली. कुणी भिंतीला पाठ घासत होतं, कुणी एकमेकांना घासत होतं. दोन बायकांमध्ये वर्षभर अबोला होता, त्या एकमेकींची पाठ खाजवताना दिसल्या. मी पाण्याची नळी उचलली, तर बाबा ओरडले, "पाणी नको! चोळू नकात! शेण व्हया, शेण!"

दोन गल्ल्या सोडून देवळापाशी एक बाई गाय घेऊन बसतात. मधुरा भरजरी साडीत तिकडे धावली.

"मावशी, शेण हवंय."

"किती?"

"बावीस माणसांना पुरेल एवढं."

"घर सारवताय काय?"

"नाही हो. माणसं!"

मधुरा घमेलं घेऊन आली आणि बाबांनी सूत्रं हातात घेतली. मुंबईत आल्यावर बाबा एरवी कोपऱ्यात पेपर घेऊन बसतात, कुणाकडे गेलं तर लिफ्टचं बटण दाबायलाही संकोचतात. आज ते मधोमध उभे होते. "रांगेन येवा. पातळ थर लावा. सुकलां की वडून काढा, कुसां निघतली." हंसाबेननी डोळे मिटून मान पुढे केली आणि विचारलं, "पार्लरमधी मडपॅक लावते, तसाच ना हा?"

"तसोच," बाबा म्हणाले. "पण हो ताजो."

सगळ्यांचं झाल्यावर बाबा आईकडे वळले. ती भिंतीशी उभी होती. पैठणीचा पदर मुठीत घट्ट धरलेला, डोळ्यांत पाणी. खाजेचं की कशाचं, मला कळेना. एक फोटो हवा होता तिला, फक्त एक, आणि मी त्याचीही वाट लावली होती.

बाबांनी बोटावर शेण घेतलं आणि अगदी हलक्या हातानं तिच्या मानेला लावलं. लोकांसमोर बाबा आईच्या बाजूला बसतसुद्धा नाहीत. आई चपापली.

"अवो, लोक बघतत!"

"बघूंदेत. तेंकापण खाज सुटली हा."

आणि आई हसली. आधी पदराआड, मग पदर सोडून. बाबांच्या गालावर शेण, तिच्या मानेवर शेण, दोघांच्या गळ्यात हार, आणि दोघं एकमेकांना धरून हसतायत. फोटोग्राफर एका हातानं बरगडी खाजवत होता. दुसऱ्या हातानं त्यानं बटण दाबलं.

तो फोटो थोडा हललेला आहे. आईनं तो मोठा करून घेतला आणि हॉलमध्ये लावला. आलेल्या प्रत्येकाला ती तो दाखवते, आणि कुणी नाक मुरडलं तर सांगते, "आमच्या लग्नाचो फोटो."

दुसऱ्या दिवशी बाबांनी रेनकोट, हेल्मेट आणि हातमोजे घालून ती वेल मुळासकट काढली. कमान उघडी पडली. पुन्हा प्रश्न आला, आता काय लावायचं? मी तोंड उघडलं, मधुरानं बघितलं, मी मिटलं. तेवढ्यात बाबा आईकडे वळून म्हणाले, "तुका काय आवडता?"

आई नेहमीचं वाक्य बोलायला लागली. बाबा म्हणाले, "तसां नको. तुका काय व्हया तां सांग."

आईनं हेल्मेटच्या आतल्या बाबांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "कारली."

आम्ही थक्क! आमच्या घरात कारलं कधी शिजलंच नाही. बाबांना त्याचा वासही सोसत नाही.

"पन्नास वर्सां तू माका कधी सांगूक नाय!"

"तुमी कधी इचारलात?"

बाबांनी कुदळ उचलली. मग बागेत जाऊन खड्डा खणायला लागले. गावी परतायचं तिकीट त्यांनी पुढे ढकललं. रोज सकाळी ते वेलीशी उभे राहायचे आणि तिचे ताणे कमानीवर चढवून द्यायचे. मार्चमध्ये पहिली कारली उतरली. आईनं कुरकुरीत काचऱ्या केल्या. बाबांनी एक काचरी तोंडात टाकली, दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरां लागता."

"खोटां कित्याक बोलतात?" म्हणत आईनं त्यांच्या पानातल्या काचऱ्या स्वतःच्या पानात घेतल्या. तिचे कान लाल झाले होते.

माझं म्हणाल, तर मला सगळ्यांनी माफ केलंय, असं सगळे म्हणतात. परवा कुंडीतली तुळस सुकली म्हणून मी नवीन रोप घेऊन आलो. आईनं पान चुरगाळून वास घेतला. ऋचानं फोटो काढून मोबाइलवर तपासला. मधुरानं हातमोजे घातले. बाबांनी चष्मा पुसून रोप खालून-वरून, सगळ्या बाजूंनी बघितलं, तुळसच आहे याची खात्री केली, आणि मगच हंसाबेनना हाक मारून म्हणाले, "येवा आता! काळजी नाय. ह्येका नर्सरीवाल्यानच निवडून दिल्यान हा."