आलवणाचा शालू

गेल्या रविवारी शहरातल्या नाट्यगृहात एका दिवंगत दिग्दर्शकाचा गाजलेला कृष्णधवल चित्रपट रंगवून दाखवण्यात आला. शेवटच्या दृश्यात केशवपन झालेली तरुण विधवा आलवणात शाळेची पायरी चढते. रंगवणाऱ्यांनी त्या जाड्याभरड्या आलवणाचा जरीकाठी हिरवा शालू केला होता.

पहिल्या रांगेतून एक वृद्ध बाई उठल्या. ती विधवा त्यांनीच साकारली होती.

"अहो, थांबवा ते! लग्नाला निघालेय का मी?"

"आजी, किती फ्रेश दिसताय!" संयोजक हसला. "आलवण आता कुणाला कळतंय?"

"कळावं म्हणूनच दाखवलं होतं, मेल्या! संध्याकाळी तरी मूळ प्रत लाव."

लोक हसले.

रंगीत फिल्म मिळू लागल्यावर निर्माते सोडून गेले, तरी हा दिग्दर्शक अखेरपर्यंत कृष्णधवलच राहिला. त्याच्या करड्या छटांमधले दुःख ज्यांना दिसत नाही, त्यांनीच त्याच्या गौरवासाठी रंग कालवावेत? शाळेकडे निघालेल्या बाईला त्यांनी परत बोहल्यावर नेऊन उभे केले.

संध्याकाळचा खेळ रंगीत प्रतीचाच झाला. विधवा हिरव्या शालूत शाळेची पायरी चढली.