सायकलीची टिकली

जावा-जावा, उभा दावा असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला अनुभव असणार. मी धाकटी जाऊ. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. आमचं कधी भांडण झालं नाही असं सांगितलं तर आमची हर्सूलची अख्खी गल्ली हसेल. लोणच्याच्या बरणीवरून झालं, गच्चीवरच्या दोरीवरून झालं, नळाला पाणी आल्यावर आधी कुणाची टाकी भरायची यावरून तर कैकदा झालं. तरीही मला कुणी विचारलं, की आयुष्यात हुशार माणूस कोण भेटलं, तर मी भिंतीपलीकडच्या घराकडे बोट दाखवीन.

अक्कांना दिसत नाही. काचबिंदूनं नजर हळूहळू नेली; आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं. आता खिडकी उघडी आहे की बंद, एवढाच उजेड कळतो. मोठे भाऊजी गेल्यापासून त्या घरात एकट्याच राहतात. भाकरी त्या करतात, दळण त्या निवडतात, भाजीवाल्याची शिळी मेथी नुसती मुठीत धरून त्याच्या टोपलीत परत टाकतात. मी आपली भिंतीपलीकडून आवाज देते, तेवढंच.

त्यांच्या बोलण्यात 'बघणं' पदोपदी असतं. चव घेऊन बघ, वास घेऊन बघ, त्याला विचारून बघते. मराठी माणसाला बघितल्याशिवाय काही करताच येत नाही. पण त्यांची नजर गेल्यापासून हा शब्द त्यांचा मुलगा घासातल्या खड्यासारखा बाजूला काढतो. तो पुण्याला नोकरीत आहे. फोनवर म्हणतो, "आई, ती नवी मालिका बघ... म्हणजे, ऐक." अक्का हसतात. "अरे, बघ म्हण की. त्या शब्दाला काय काचबिंदू झालाय व्हय?" तो बिचारा जास्तच गडबडतो.

सकाळी हर्सूलच्या तलावाकडं फिरायला जायचं, हे आमचं ठरलेलं होतं. त्यांचा हात माझ्या कोपराला, आणि आमची तोंडं चालू. मग माझे गुडघे कुरकुरायला लागले, आणि त्याच सुमाराला पाण्याच्या नव्या लाईनीसाठी रस्ता असा खोदला, की डोळस माणसंही त्यात पाय घालत होती. फिरणं बंद पडलं आणि अक्कांची साखर चढली. डॉक्टरांनी तळपायाला टोचून विचारलं, कळतंय का? एका पायाला नीट कळेना. मुलगा घाबरला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "दसऱ्याला मी येतोय. तोवर साखर उतरली नाही, तुझं तुला जमत नाही असं वाटलं, तर तुला पुण्याला नेणार. तिथं बाई ठेवू, सगळं हातात मिळेल."

फोन ठेवल्यावर अक्का ओट्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "इथं मला नुसतं दिसत नाय. तिथं गेले की मी आंधळी होईन."

मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर चोरून रडायचीही सोय नाही. त्यांना नाकाच्या आवाजावरून कळतं. मी चहा ठेवते म्हणून घरी आले.

शेवटी घरातच व्यायामाचं यंत्र घ्यायचं ठरलं. एका दुपारी रिक्षा करून आम्ही जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. दारातच पाटी होती, 'कृपया वस्तूंना हात लावू नये.' मी त्यांना वाटेतल्या सगळ्या पाट्या वाचून दाखवते, तशी हीही दाखवली.

"मग काय, वास घेऊन घरी जायचं व्हय?" अक्का म्हणाल्या, आणि आत शिरताच त्यांनी पहिल्या यंत्राला दोन्ही हात लावले.

दुकानदार पुढं आला. त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "आंटी, इनके वास्ते क्या होना?"

"मेरेकूच पूछो ना भाई," अक्का म्हणाल्या. "कानां अच्छे हैं मेरे."

तो ओशाळला, पण मनाचा चांगला होता. त्यानं दुकानातली सगळ्यात भारी ट्रेडमिल दाखवली. मला ती बघताक्षणी आवडली. काळी चकचकीत, समोर टीव्हीएवढी काच. अक्कांनी त्या काचेवरून तळवा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"बटणं कुठायत?"

"बटन नहीं अम्मा, टच है. बस, ऐसा उंगली रखो." त्यानं त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं आणि खालचा पट्टा सरकायला लागला.

"ही तर पुसलेली पाटी झाली," अक्का मला म्हणाल्या. मग त्याला, "और तुम रोज आते क्या हर्सूलकू, मेरा उंगली पकडने?"

तो हसला. त्यांनी पट्टा बंद करायला लावला, चपला काढल्या, वर चढून बाजूचे दांडे चाचपले आणि खाली उतरल्या. "एका पायाला जमीन नीट कळत नाय. तीच जमीन पळवायची म्हणजे लईच झालं. पडायचंच असलं तर बाहेर खड्डे हायत की."

मला ट्रेडमिलचं जरा वाईट वाटलं. पलीकडच्या गल्लीत एकीनं घेतली आहे. तिच्यावर साड्या फार छान वाळतात.

मग त्यानं घडी होणारी हलकी सायकल आणली. जागच्या जागी पायडल मारायचं, यंत्र कुठं जात नाही, हे अक्कांना पटलं. पण त्यांनी हँडल धरून ती गदागदा हलवली आणि ती सगळीकडून वाजली. "ही मांडवातल्या भाड्याच्या खुर्चीची बहीण दिसते," म्हणाल्या, आणि हात झटकला.

पुढचा तासभर मी नुसती मागं उभी होते. आधी मला संकोच वाटला, कारण दोन-तीन गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघायला लागली होती. अक्का प्रत्येक सायकलीपाशी खाली बसायच्या, चाकाभोवतीचं झाकण बोटांनी तपासायच्या, फटीत पदराचं टोक घालायच्या. पदर कुठं अडकू शकतो ते त्या बघत होत्या. पायडलचा पट्टा न वाकता पायात घालता येतो का, उतरताना पहिला आधार कुठला, दांडीला धारदार कड कुठं आहे, असं सगळं. दोन डोळे असून मी तेवढ्या वेळात काय बघितलं? रंग. माझा संकोच कधी गेला आणि अभिमान कधी वाटायला लागला, ते कळलं नाही. ह्या माझ्या जाऊबाई आहेत, असं त्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

शेवटी कोपऱ्यातल्या एका जड सायकलीपाशी त्या थांबल्या. तिच्यावर धूळ होती. दुकानदार म्हणाला, "वो पुराना मॉडल है अम्मा. ना स्क्रीन, ना ब्लूटूथ. कोई लेता नहीं."

अक्कांनी ती हलवून बघितली. ती हलली नाही. हँडलच्या खाली एक जाड गोल खुंटी होती, ताण कमी-जास्त करायची. त्यांनी ती फिरवली. टक. अजून फिरवली. टक. त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी फार दिवसांनी बघत होते.

"भाई, जरा गाना बंद करो. और पंखा भी."

दुकान गप्प झालं. अक्का वर बसल्या, पायडल मारायला लागल्या. हळू मारलं की चाक घुमायचं, जोर केला की तोच आवाज वर चढायचा. "आवाज बघ हिचा," त्या मला म्हणाल्या. "किती जोरात चाललेय ते हीच सांगते. पडदा कशाला पाहिजे?"

मला वाटलं, झालं. पण त्या उतरल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "अब इसका सब बिगाड़ के रखो."

"बिगाड़ के?"

"हौ. सीट, खुंटी, सब. मेरेकू बताव नक्को."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मीही खांदे उडवले. त्यानं सीट वर नेली, खुंटी कशीही फिरवली. अक्का सायकलीच्या बाजूला उभ्या राहिल्या, सीट हातानं धरली, खिट्टी ओढून ती खाली घेतली आणि आपल्या कमरेच्या हाडाशी जुळवली. खुंटी डावीकडं अडेपर्यंत फिरवली, आणि मग टक, टक, टक, मनासारखी पुढं घेतली. कुणाला काही विचारलं नाही.

"हं," म्हणाल्या. "हीच."

सायकल घरी आली, खिडकीपाशी बसली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला कपाटातला एक डबा काढायला सांगितला. आत खड्यांच्या टिकल्यांची पाकिटं होती, भाऊजी असतानाची. ते गेल्यावर त्यांनी टिकली लावणं सोडलं. मी पुष्कळदा म्हटलं होतं, लावा की, आता कोण बघतंय असलं. पण त्यांचा जीव नव्हता त्यात. तो डबा उघडताना मला गलबलून आलं. त्यांनी मात्र एक टिकली सुटी केली आणि सीटच्या दांडीवर, आपल्या उंचीच्या भोकापाशी चिकटवली. दुसरी खुंटीवर, तिसरी तिच्या समोर, हलक्या ताणाच्या खुणेला. रोज मोजत बसायला नको, खडा बोटाला लागला की काम झालं.

"तुमची सायकल सवाष्ण दिसते हो अक्का," मी म्हटलं.

"दिसू दे. तिची पायपीट माझ्यासाठीच चाललीय."

मग रोज भिंतीपलीकडून चाकाचा आवाज यायला लागला. आकाशवाणीच्या बातम्या सुरू झाल्या की त्या बसायच्या, आणि गाणी संपली की उतरायच्या. ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी टाकी भरेपर्यंत चालवायच्या. पाण्याचा आवाज भरत आला की त्यांना पायडल मारता मारता कळायचं. आणि हो, टाकी आधी त्यांचीच भरायची, मी भांडणं सोडलं होतं.

दसऱ्याआधी तपासणी झाली. साखर उतरली होती, पण डॉक्टरांनी पाठ थोपटावी इतकी नाही. म्हणजे आता सगळं मुलाच्या मनावर होतं. तो चाकांची मोठी बॅग ओढत आला. अक्का दारात उभ्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "रिकामी बॅग आणलीय गं त्यानं. भरलेली अशी वाजत नाय."

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. मुलगा भल्या पहाटे उठला, आईला काही करू द्यायचं नाही म्हणून. विळी घासली, पाटा-वरवंटा धुतला, माझी स्कूटी पुसली. मग सायकल. आधी स्वतः बसून बघितलं, त्यासाठी सीट वर घेतली. मग ओल्या फडक्यानं ती लख्ख पुसली, हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ बांधली. मी फुलं घेऊन गेले तेव्हा तो मोठ्या प्रेमानं म्हणत होता, "आई, एकदा चालवून दाखव ना."

अक्का सायकलीपाशी आल्या. बोटं दांडीवरून खाली गेली, वर आली. खुंटीकडं गेली, तिथं झेंडू लागला. माझी नजर दांडीवर गेली. दांडी गुळगुळीत होती.

"टिकल्या कुठायत रे?"

"त्या? अगं, जुनाट काहीतरी चिकटलं होतं सगळीकडे. नखानं खरवडून काढलं." मग त्याला माझं तोंड दिसलं. "का? काय झालं?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो पुढं झाला, आईचा दंड धरायला लागला. "थांब, मी बसवतो तुला. सांग, सीट किती खाली करू?"

"हात लावू नये," अक्का म्हणाल्या.

त्याला ती पाटी माहीत नव्हती. मला होती, आणि मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. अक्का बाजूला उभ्या राहिल्या. सीट धरली, खिट्टी ओढली, कमरेच्या हाडाशी आणली. झेंडूखालून हात घालून खुंटी डावीकडं अडेपर्यंत फिरवली. टक, टक, टक. पदर खोचला, वर बसल्या, आणि चाक घुमायला लागलं. ताल जमला तशी माळ हलायला लागली आणि हळदकुंकू त्यांच्या गुडघ्यावर सांडलं. त्यांना ते कळलं असणार, पण त्यांनी पाय थांबवला नाही.

मुलगा खाली फरशीवर बसला होता. "हे कसं जमलं तुला?"

"दुकानातच बिघडवून घेतली होती," अक्का पायडल मारत म्हणाल्या. "घरात सगळं जिथल्या तिथं ऱ्हातं व्हय कधी? बिघडलेलं लावता आलं की झालं."

माझ्या मनात एकच होतं, की ह्या बाईला कुठंही नेलं तरी ती आपलं मांडून घेईल, पण तिला नेऊ नये. संध्याकाळी तो माझ्याकडं आला आणि खाली बघत म्हणाला, "काकू, त्या बॅगेत ज्वारीचं पीठ भरून देशील का थोडं? तिकडं असं मिळत नाही."

मी भरून दिलं. थोडं नाही, बॅग बंद होईना इतकं.

निघायच्या दिवशी सकाळी तो बांगड्यांच्या दुकानात जाऊन आला. खड्यांच्या टिकल्या हव्यात म्हटल्यावर दुकानातल्या बायका हसल्या म्हणे. मग सायकलीपुढं गुडघे टेकून त्यानं एकेक टिकली चिकटवली. सीटच्या दांडीवरची शेवटची. चिकटवताना त्यानं डोळे घट्ट मिटले होते, आणि बोटानंच ते भोक शोधलं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागली.

"बघ आई," तो म्हणाला, "बरोबर लागली का."

शब्द तोंडातून गेला, आणि त्यानं तो परत घेतला नाही. अक्का वाकल्या, दांडीवरून बोट खाली आणलं, आणि ते टिकलीवर थांबलं.

"दिसली," म्हणाल्या.